भिंतीची सुनावणी

देवाने हात दिले ते जोडण्यासाठी, असे आपण ऐकत आलो आहोत. ऐकावे, आणि जोडावेही. पण काही हातांना त्याने आणखी एक सेवा नेमून दिलेली असते. आमच्या वस्तीतले काका वेताच्या खुर्च्या विणत. ऐन तारुण्यात एका तापाने त्यांची दृष्टी नेली, आणि तेव्हापासून हातच त्यांचे डोळे झाले. हाताने ते विणत, हाताने माणूस ओळखत, आणि हातानेच रस्ता चालत. घराच्या कोपऱ्यापासून खुर्च्यांच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत एका बंद पडलेल्या गोदामाची दगडी भिंत होती. सकाळी डावा हात तिच्यावर ठेवून काका जात, संध्याकाळी उजवा हात ठेवून परत येत. काठी त्यांनी कधी घेतली नाही. काठी ओढून नेते, भिंत सोबत करते, असे ते म्हणत. भिंत संपली की त्यांचे एकटे चालणेही संपे. फाटकाच्या पलीकडचे गाव त्यांनी दृष्टी गेल्यापासून दुसऱ्याच्या दंडाला धरूनच पाहिले होते.

ही गोष्ट त्यांची आहेच, पण त्याआधी ती त्यांच्या पत्नीची आहे.

तिला सारी वस्ती टाचणीकाकू म्हणे. शाळेच्या मुलांचे गणवेश ती शिवी, आणि शिवताना टाचण्या ओठांत धरी. त्यामुळे बोलणे बेताचे. तोंडात टाचण्या असल्या की घरात भांडण होत नाही, हे ती गंभीरपणे सांगे, आणि शेजारणी ते तितक्याच गंभीरपणे ऐकून घेत. तिचा एक नेम होता. माप घ्यायचे ते अंगावर. कुणी आई मुलाचा जुना सदरा मापाला घेऊन आली की काकू तो घडी करून परत देई. "सदरा आला, पोरगा कुठाय? कापड त्याला घालायचंय." कितीही घाई असो, कितीही ओळखीचे गिऱ्हाईक असो, माणूस समोर उभे राहिल्याशिवाय तिची कात्री उघडत नसे.

आणि नवऱ्यावर तिची माया अशी, की लग्नानंतर त्या घरातली एकही वस्तू जागची हलली नाही. पाण्याचा हंडा, दोरीवरचा पंचा, दाराची कडी, सारे जिथल्या तिथे. प्रेम अनेकांना बोलून दाखवता येते. हिने ते मांडून ठेवले होते.

एके दिवशी काका कामावरून आले आणि हात धुता धुता म्हणाले, की भिंतीला आज कागद लागला हाताला, काय आहे बघ जरा. काकू जाऊन बघून आली. कागद नगरपालिकेचा होता. रस्ता रुंद होणार, भिंत पाडली जाणार, नागरिकांच्या हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत. ती घरी आली. काका वाट पाहत होते.

"कसलीशी जाहिरात आहे," ती म्हणाली. "शिकवणीची."

सज्जनहो, खोटे बोलणारी जीभ नेहमी काळीच असते असे नाही. कधी ती मायेने भिजलेली असते, आणि म्हणूनच तिचा डाग लवकर दिसत नाही. नवऱ्याला आताच कशाला घोर लावायचा, आपण निस्तरू, मग सांगू, एवढाच तिचा विचार. उंबऱ्याबाहेर एकट्याने पडणारी त्यांची ती एकच पावलांची रेघ. ती पुसली तर ते खोलीत बसतील, आणि बसलेला माणूस हळूहळू आत खचतो, हे तिने आपल्या सासऱ्यांच्या बाबतीत पाहिले होते.

ती नगरपालिकेत गेली. आयुष्यात पहिल्यांदा. कारकुनाने टेबलावर नकाशा पसरला. लाल रेघा, निळ्या रेघा, आणि भिंतीच्या जागी नुसता पांढरा कागद. काकू बराच वेळ वाकून पाहत राहिली. मग तिने विचारले, की ही रेघ आखलीय, का कापलंय?

कारकून हसला. दिवसभरात त्याला पहिल्यांदाच कुणी बरे काही विचारले असावे. "आखलीय, काकू. कापायचं ते राज्याच्या नगररचना खात्याची मंजुरी आल्यावर. त्याच्या आत हरकत लिहून द्या, पोच घ्या, सुनावणीला या. येत कुणी नाही म्हणा. भिंत पडली की मग येतात, दगड बघायला."

खडूने आखलेली रेघ झटकता येते, हे तिला कुणी शिकवायला नको होते. तिने तिथेच बाकावर बसून हरकत लिहिली. माझे यजमान दृष्टिहीन आहेत. भिंतीच्या आधाराशिवाय ते घराबाहेर पडू शकत नाहीत. भिंत पाडू नये. खाली सही केली, पोच घेतली, आणि ती पोलक्यात खोचून घरी आली. काकांना सांगितले, की दोरा आणायला गेले होते.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. राज्य शासनाकडून एक अधिकारीबाई आल्या होत्या, बाजूला नगरपालिकेचे अभियंता. समोर खुर्च्या बऱ्याच आणि माणसे थोडी. काकूच्या आधी एक तरुण आई उठली. तिची मुलगी गोदामाच्या वळणावर गाडीखाली सापडली होती. जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला. भिंतीमुळे येणारी गाडी दिसत नाही. "माझं व्हायचं ते होऊन गेलं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून आलेय. ती भिंत पाडा." आवाज तिने चढवला नाही. चढवला असता तर काकूला सोपे गेले असते.

काकूचा पुकारा झाला. ती उभी राहिली, आणि लिहिले होते तेवढेच बोलली. अधिकारीबाईंनी टिपून घेतले. मग त्यांनी मान वर केली.

"तुमच्या यजमानांचं स्वतःचं काय म्हणणं आहे?"

काकूने पोलक्यातली पोच चाचपली.

"त्यांना," ती म्हणाली, "सांगितलेलं नाही अजून."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पुढची तारीख दिली, आणि शांतपणे म्हणाल्या की त्यांना घेऊन या. येणं जमणार नसेल तर निदान विचारून या.

त्या वाटेने ती कशी परतली असेल! सदऱ्यावरून माप न घेणारी ती बाई, आणि आज जिवंत माणसाचे माप तिने आपल्या भीतीवरून घेतले होते. परक्याच्या पोराला समोर उभे केल्याशिवाय जी कात्री उघडत नव्हती, ती आपल्याच माणसावर अंदाजाने चालवली होती. माया होती, म्हणून काय झाले? मायेलाही विचारावे लागते. देवसुद्धा हाक मारल्याशिवाय कुणाच्या दारात शिरत नाही; मग आपण माणसे, आपण कोण?

संध्याकाळी तिने सगळे सांगितले. काका वेत भिजवत बसले होते. हात पाण्यातच राहिले.

"तो कागद मी रोज चाचपत होतो," ते म्हणाले. "जाहिरात असती तर आठवड्यात दुसरी चिकटली असती तिच्यावर."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तू सांगशील."

काकांनी पाण्यातून एक वेत काढला, वाकवून पाहिला, पुन्हा ठेवला.

"अगं, तू माझे डोळे आहेस. ते मी कधी नाकारलं नाही. पण जीभ मला देवानं दिलीय, ती शाबूत आहे. चारचौघांत माझ्या नावानं उभी राहिलीस, आणि मी तिकडे खुर्ची विणत होतो."

तिने क्षमा मागितली नाही. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली, आणि काकांनी ओला हात तिच्या हातावर ठेवला. तेवढ्यावर ती रात्र गेली.

दुसऱ्या दिवशी थोरल्या नणंदबाई आल्या. त्या शेजारीच राहत, आणि त्यांना कळायला भिंतीचा अडसर कधीच नव्हता. सरकारदरबारी आपल्यासारख्यांचे काय चालणार, असे त्यांचे मत. "अरे, तिथला कारभार म्हणजे आंधळं दळतंय आणि..." एवढे बोलून त्यांनी जीभ चावली, आणि पदराने उगीच तोंड पुसले.

"म्हण पुरी कर, ताई," काका म्हणाले. "कुत्रं उपाशी राहिलं."

सुनावणीच्या दिवशी ते पत्नीच्या दंडाला धरून सभागृहात आले. ती तरुण आईही आली होती. पुकारा झाल्यावर काकूने त्यांना उभे केले, आणि दंड सोडून ती खाली बसली. काका एकटे उभे राहिले, ज्या बाजूने आवाज आला त्या बाजूला तोंड करून.

"भिंत पाडा," ते म्हणाले.

काकूने डोळे मिटून घेतले.

"त्या वळणावर गाड्या करकचून थांबतात ते मी रोज ऐकतो. ज्या दिवशी ती मुलगी पडली, त्या दिवशी मी तिथेच होतो, भिंतीला हात लावून. मला ऐकू आलं. मी पुढे होऊ शकलो नाही. त्या भिंतीनं मला वाट दिली आणि त्या पोरीची घेतली. अशी वाट मला नको. पण भिंत पाडताना माझ्यासाठी काहीतरी ठेवा. हाताला नको, पायाला कळेल असं. पदपथाच्या कडेनं खरबरीत दगडाची पट्टी. तिच्यावर गाडी लावू नका, टोपली मांडू नका. मी चालेन."

अभियंत्यांनी विचारले, पट्टी किती रुंद हवी. काकांनी वाकून बूट काढले, दोन्ही पावले शेजारी ठेवली, आणि एवढी, म्हणाले. अभियंता उठून खाली आले आणि टेपने मोजून गेले. अधिकारीबाईंनी विचारले, कारखान्याच्या फाटकापर्यंतच का? बाजार, दवाखाना, हे कार्यालय, इथपर्यंत का नको? एवढे मागता येते हे काकांना ठाऊकच नव्हते.

मंजुरी आली, नगरपालिकेपर्यंतच्या पट्टीसह. भिंत पडली. दगड कोसळत होते तेव्हा काका दारात बसून ऐकत होते, आणि काकू त्यांच्याजवळ बसून त्यांचा चेहरा पाहत होती. नंतरचे महिने कठीण गेले. रोज दोन वेळा ती त्यांची ने-आण करी. गणवेश तुंबले, गिऱ्हाइके कुरकुरली. काका वाटेत बोलेनासे झाले. तिला भीती वाटे, की आपण आधी मागितले होते तेच बरे होते काय.

आणि मग एके दिवशी पट्टीच्या बाजाराजवळच्या तुकड्यावर गुळगुळीत फरशी बसलेली तिने पाहिली. पूर्वीची टाचणीकाकू मुकाट्याने घरी आली असती. ही गेली नाही. तिने मंजूर आराखड्याची नक्कल रीतसर अर्ज करून मागून घेतली, आणि प्रभागाच्या सभेत उभी राहिली. तिच्या शेजारी त्या अधू मुलीची आई उभी राहिली. बोलण्याआधी काकूने नवऱ्याला विचारले होते, की मी बोलू का तुम्ही? काका म्हणाले होते, फरशीबद्दल तूच बोल, तुला ती दिसते. नगरसेवकांनी पाहू म्हटले. पुढच्या सभेत या दोघी पुन्हा उभ्या. त्याच्या पुढच्याही. शेवटी नगरसेवकच त्यांना दारात पाहून आधी अभियंत्यांना फोन लावू लागले. फरशी निघाली, खरबरीत दगड आला.

ज्या सकाळी काका एकटे निघाले, तिने त्यांना उंबऱ्यापर्यंत सोडले. पायाने त्यांनी कड शोधली, मग पाऊल टाकले, मग दुसरे. ती मागे गेली नाही. मशीनवर येऊन बसली, आणि तिच्या हातून दिवसभर एक बाही धड लागली नाही.

संध्याकाळ झाली. कारखाना सुटल्याचा भोंगा झाला. काका आले नाहीत. नणंदबाई दोनदा डोकावून गेल्या. दिवेलागणीला काकू पायात चपला घालून निघणार, तोच ओळखीची पावले आली. सावकाश, पण कुठे न अडखळता.

"कुठे होता?"

"पट्टी संपेपर्यंत चालत गेलो," काका म्हणाले. "नगरपालिकेत संपते. आज सभा होती. नागरिकांना मागे बसायला खुर्च्या असतात, तिथे बसून ऐकलं. पाण्याच्या टाकीवर बोलत होते. फार लांबण लावतात."

ती दाराला टेकून उभी राहिली. पाणी आणून द्यायचे तिला सुचले नाही.

"पुढच्या सभेत मला काही विचारायचंय," ते म्हणाले, आणि कडी जिथे असते तिथे हात नेऊन त्यांनी दार लोटून घेतले.

"काय विचारायचंय?"

"तिथे येऊन ऐक."