दादाच्या हाय-हॅटची खालची प्लेट

मंडळी, आधीच सांगून टाकतो. भूत, करणी, उतारा यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. मी सांगलीत विश्रामबागला एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट आहे. बावीस वर्षं पोरांसमोर ट्यूनिंग फोर्क वाजवून दाखवतोय. दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्या शेजाऱ्याला मी तोंडावर हसायचो. हल्ली हसत नाही, एवढंच.

आमचं मूळ गाव माण तालुक्यात, दहिवडीजवळ. आमचे वडील, आबा, तिथं धनगरांच्या गजी नाचात ढोल वाजवायचे. थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, सांगलीत येऊन लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ड्रमवर बसला. गेल्या वर्षी तो गेला. सकाळी साडेनऊला, चहा पिता पिता... हार्ट अटॅक.

तो गेला तेव्हा त्याचा राणीशी, त्याच्या एकुलत्या एक मुलीशी, अबोला चालू होता. अकरा दिवसांचा. कारण काय, तर राणीच्या मैत्रिणीच्या लग्नाची सुपारी दादाच्याच ऑर्केस्ट्राला होती आणि ही म्हणाली, "पप्पा, तिथं तुम्ही नका येऊ. मैत्रिणींसमोर मला कसंतरी वाटतं. दुसऱ्या कुणाला तरी बसवा." दादा त्या लग्नाला गेला नाही. पण त्या दिवसापासून तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

आता आमच्या घरात अबोल्याची एक रीत आहे — तोंडाला कुलूप, पण निरोप चालू! पोरगी समोर बसलेली असताना दादा मला सांगणार, "तिला म्हणावं, हेल्मेट घालून जा." ती मला सांगणार, "काका, त्यांना म्हणावं, घातलंय." मधल्यामध्ये माझं मरण.

दहाव्या दिवशी दादा मला म्हणाला, "तिला सांग गड्या, राग गेला माझा." मी पार वैतागलो होतो. म्हटलं, "आता तुझं तू बोल. मी काय जन्मभर तुमचे निरोपच वाहू?" तो हसला. म्हणाला, "बरं बाबा, उद्या बोलतो." दुसऱ्या दिवशी साडेनऊला सगळं संपलं.

हे मी राणीला सांगितलं नाही. निरोप मीच अडवला, हे कबूल करायची छाती झाली नाही. लाज वाटते लिहिताना, पण खरं ते खरं.

सात-आठ महिन्यांनी राणी म्हणाली, पप्पांच्या ड्रमवर मी बसणार. लहानपणी दादानंच तिला शिकवलं होतं. वहिनी उसळली, "त्या ड्रमापायी सणावाराला कवा घरात दिसला न्हाई त्यो माणूस. आन आता तू बी?" पण दोन दिवसांनी तिनंच ड्रमवरची धूळ पुसली.

अडचण एकच होती, हाय-हॅट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — स्टँडवर एकावर एक अशा पितळी दिसणाऱ्या दोन प्लेटा असतात, पायानं पेडल दाबलं की मिटतात आणि 'चिक्' असा आवाज येतो. दादाची वरची प्लेट चिरली होती. खालची ठणठणीत. राणीचं म्हणणं, "नवी फक्त वरची घेऊया. पप्पांचं एक तरी राहू दे."

खालची प्लेट पिशवीत घालून आम्ही गणपती पेठेच्या मागच्या एका बोळातल्या दुकानात गेलो. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर रिक्षांचा कालवा. दुकानदार साठीचा, कामाला पक्का. वरची हलकी पाहिजे, खालची जड, टिचकी मारली की आवाज लगेच मरता कामा नये... सगळं त्यानं समजावलं. राणीनं कानाशी धरून धरून एक निवडली. ती दादाच्या प्लेटवर बसवली. राणीनं पेडल दाबलं.

काहीच नाही. प्लेटा मिटलेल्या मी डोळ्यांनी बघितल्या. आवाज नाही.

दुकानदार म्हणाला, "हवा अडकली आसंल ताई. लय येळा हुतंय आसं." त्यानं खालचा स्क्रू फिरवून प्लेट जराशी तिरकी केली आणि स्वतः दाबलं. चिक्! राणीनं दाबलं... नाही. मी दाबलं. चिक्! मग दुसरी प्लेट, तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी तेच. त्यानं दुकानातली कोरी जोडी चढवली, तर राणीच्या पायाखाली ती छान वाजली. दादाची प्लेट परत लावली की गप्प. शेवटी दुकानदारानं चष्मा काढून ठेवला. हळूच मला म्हणाला, "आवं, तुमी नवी जोडीच घेऊन जावा."

राणी घाबरली नव्हती. प्लेटवर हात ठेवून म्हणाली, "काका, पप्पा अजून बोलत नाहीत वो माझ्याशी."

तिथंच, त्या दुकानात, मी तिला निरोप सांगितला. आठ महिने उशिरा. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून सांगताय तुम्ही." मी आबांची शपथ घेतली. तिनं दादाची प्लेट पिशवीत घातली.

नवी जोडी घेतली. आता राणी कार्यक्रम करते, वाजवतेही झकास. जुनी प्लेट, वर ती चिरलेली, दादाच्या घरात कोपऱ्यात स्टँडवर आहे. मी माझ्या परीनं सगळं करून बघितलं. स्प्रिंग बदलली, प्लेटखालची फेल्टची चकती बदलली, राणीला माझ्या चपला घालून दाबायला लावलं. मोबाइलवर आवाजाचा आलेख काढला. माझ्या पायाला उंच रेघ, तिच्या पायाला सपाट. वहिनीनं भीत भीत पाय ठेवला तर तिलाही वाजलं, आणि ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

दर रविवारी मी तिकडे नाष्ट्याला जातो. राणी एकदा पेडल दाबते. नाही वाजत. मग ती बाजूला होते आणि मी दाबतो. चिक्. गेल्या रविवारी तिनं विचारलं, "काय म्हणाले?"

मी म्हटलं, "राग गेला म्हणाले."

"मग मला सांगायला काय होतंय त्यांना?"

वहिनीनं पोहे आणून ठेवले. कुणी हात लावला नाही.

तुमच्यापैकी कुणी जाणकार असेल तर कृपा करून हवा आणि स्क्रू सांगू नका, ते माझं करून झालंय. रविवारी मी तिला काय सांगू, तेवढं सांगा.