अर्ध्यावर सोडलेलं डोकं

माझ्या धाकट्या भावाच्या आतड्यात गाठ निघाली, म्हणून वीतभर आतडं कापून टाकलं. डॉक्टरीणबाईंनी नीट बजावलं होतं, थोडं थोडं पण वेळेवर खा, पाणी पीत राहा, काही महिने दिवसातून पाच-सहा वेळा संडासला जावं लागेल, मग कमी होईल. हा शहाणा सकाळी काही खायचाच नाही, म्हणजे जावं लागणार नाही. पोट कुठलं ऐकतंय? वायू धरायचा, कळ यायची ती यायचीच, वर चक्कर.

भाऊ केस कापतो. दुकानात खुर्च्या दोन, एक त्याची, एक भागीदाराची. अठ्ठावीस वर्षं दोघांचा नेम होता, ज्याने गिऱ्हाइकाच्या गळ्यात कापड बांधलं त्यानेच ते सोडायचं. पोटाचं दुखणं भावाने घराबाहेर फक्त भागीदाराला सांगितलं. तो म्हणाला, तू बिनघोर जात जा, तेवढा वेळ मी गिऱ्हाइकाला गप्पांत धरतो.

एक दिवस भावाच्या खुर्चीत त्याचं जुनं गिऱ्हाईक, शाळेतले मास्तर, बसले होते. एक बाजू झाली आणि भावाला कळ आली. संडास दुकानामागेच, मधे नुसती फळी. आत बसल्या बसल्या त्याने भागीदाराचं बोलणं ऐकलं.

"त्याला आता ताबा राहिला नाही, मास्तर. हात तरी धुतो की नाही, कोण जाणे. तुम्ही आपले माझ्याकडे बसत जा."

भाऊ बाहेर आला तर मास्तर पलीकडच्या खुर्चीत, गळ्यात भागीदाराचं कापड. त्याने आपल्या कात्र्या उचलल्या आणि थेट माझ्याकडे आला. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, मग म्हणाला, "ताई, मी साबणाने दोनदा धुतो गं."

मी आधी त्याला मऊ भात खायला लावला.

आता पोट बरंच ताळ्यावर आलंय. माझ्या पुढच्या खोलीत खुर्ची मांडलीय, चार-सहा जुनी गिऱ्हाइकं येतात. मास्तर काही आले नाहीत.

परवा बघते तर याचेच केस कॉलरवर उतरलेले. इतकी वर्षं ते दोघं एकमेकांचे कापायचे. म्हटलं, दुसऱ्या दुकानात जा की. तर म्हणाला, "कात्री घेऊन कुणी पाठीमागे उभं राहिलेलं नको वाटतं आता."

मग मीच चष्मा चढवला आणि कापले. झाले वाकडे. आरसा धरून दाखवले, तर म्हणाला छान झालेत. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही.