अठ्ठावीसचे दोन झाले

मॅनेजरची मेल सोमवारी आली. बुधवारी मीटिंग होईल, आणि सायलोंचं एक्स्टेंशन, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमला खालून जोडलेला कोड, पुढे कोणी सांभाळायचं ते तिथेच ठरेल. ते एक्स्टेंशन सहा वर्षं माझ्याकडे होतं. मीच लिहिलेलं. ऑफिसात माझी म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट होती, त्यामुळे ती मेल मी तीनदा वाचली.

आमचं गिऱ्हाईक धान्याचे सायलो, म्हणजे उंच कोठारं, चालवतं, सिडनीपासून पश्चिमेला आत. दर दहा मिनिटांनी धान्याचं तापमान नोंदलं जातं. आतून तापायला लागलं तर धान्य सडतं. त्यांची माणसं पायथन या संगणकाच्या भाषेत स्क्रिप्ट लिहितात, आणि नोंद डिस्कवर लिहिण्याचं काम खाली माझं सी भाषेतलं एक्स्टेंशन करतं.

लिहिताना काही बिघडलं तर ऑपरेटिंग सिस्टिम फक्त ‘जमलं नाही’ एवढंच सांगते. का जमलं नाही, त्याचा आकडा ती ‘एर्नो’ नावाच्या एका जागेत ठेवते. अठ्ठावीस म्हणजे डिस्क भरली. दोन म्हणजे अशी फाइल नाही. एक्स्टेंशनने तो आकडा उचलून पायथनपर्यंत पोचवायचा. पण जागा एकच आहे. मधे दुसरं काही काम केलं तर त्या कामाचा आकडा तिथे येऊन बसू शकतो, ते काम शेवटी नीट पार पडलं तरीही. म्हणून सिस्टिमला केलेला कॉल फसला की पुढच्याच ओळीत मी आकडा बाजूला काढून ठेवायचो. अशा सतरा जागा होत्या. सतराही मी वर्षातून एकदा मोजायचो.

मेल येण्याचं कारण हे, की गिऱ्हाइकाच्या हंगामभराच्या नोंदी गेल्या होत्या. डिस्क भरली होती आणि पायथनला मात्र ‘फाइल नाही’ असं कळलं होतं. त्यांच्या स्क्रिप्टचा नियम सरळ होता: फाइल नाही, तर नवी उघड. तिने त्याच नावाची नवी फाइल उघडली, जुनी रिकामी झाली, डिस्कवर जागा झाली आणि सगळं सुरळीत चालू राहिलं. असं एकदा नाही, तीनदा झालं.

कारण शोधायला मला दीड दिवस लागला. फसलेला कॉल आणि आकडा बाजूला काढायची माझी ओळ, या दोघांच्या मधे एक लॉगची, म्हणजे काय घडलं ते टिपून ठेवणारी, ओळ होती. लॉग दुसऱ्या डिस्कवर जायचा. तो लिहिण्याआधी त्या दिवसाची फाइल आहे का ते बघायचा, नसली की एर्नोत दोन यायचे, मग तो निमूट नवी फाइल करून लिहून मोकळा व्हायचा. अठ्ठावीस तोवर पुसलेले. माझी ओळ इमानेइतबारे ते दोन जपून ठेवत होती.

ती ओळ माझ्या मित्राची होती. पुण्यात कॉलेजात आम्ही एकत्र, मग मेलबर्नला क्लेटनमधे मास्टर्ससाठी एकाच फ्लॅटमधे. दोन वर्षांपूर्वी त्याची नोकरी गेली तेव्हा या कंपनीत त्याच्यासाठी शब्द मीच टाकला. सिडनीत मी गिरावीनला राहतो, तो शेजारच्या टूनगॅबीला. ऑफिसला माझ्या गाडीने जायचो. वाटेतल्या चाळीस मिनिटांत आमचे कोड रिव्ह्यू, म्हणजे एकमेकांचा कोड तपासणं, तोंडी उरकायचे, मराठीत. ऑफिसात एकमेकांच्या कोडवर लेखी शेरा मारायचा नाही, असं न बोलता ठरलेलं. आपल्या माणसाची चूक गोऱ्यांसमोर कशाला मांडायची?

त्या ओळीच्या वेळेचं बोलणं मला आठवतं.

“कुठे टाकलीस?” मी विचारलं.

“लिहिणं फसतं तिथे. एक ओळ आहे बाबा, प्रबंध नाही.”

पार्किंगमधे गाडी लावल्यावर मी फोन काढला आणि कोड न उघडता अप्रूव्ह दाबलं. तो दोष माझाच. कुणी विचारलं असतं तर मी तेच सांगितलं असतं.

मंगळवारी घरी येताना मी त्याला सगळं सांगितलं.

“उद्या मी सांगतो,” तो म्हणाला. “ओळ माझी आहे, मीच सांगणार.”

“दोघांनी सांगू. अप्रूव्ह मी केलंय.”

“तू गप रे. प्रत्येक वेळी हरिश्चंद्र व्हायलाच पाहिजे का?”

आम्ही हसलो. बुधवारी सकाळी गाडीत तो मुलाच्या क्रिकेट कोचिंगबद्दल बोलत होता.

मीटिंगमधे मॅनेजरने विचारलं, की नोंदी गेल्या कशा. मी मित्राकडे पाहिलं. त्याने लॅपटॉप फिरवला आणि शांतपणे इंग्रजीत सांगितलं, की “एक्स्टेंशन याचं आहे, बदल यानेच अप्रूव्ह केलेला आहे, आणि दोष मी शोधून सकाळीच दुरुस्त केला आहे.” स्क्रीनवर दुरुस्तीची वेळ दिसत होती: सहा वाजून बावन्न मिनिटं. मी त्याला घ्यायला सव्वासातला गेलो होतो.

त्याच्या बोलण्यात ‘शोधून’ हा एक शब्द खोटा होता. बाकी सगळं खरं. दोष मी शोधला याचा पुरावा फक्त गाडीत, मराठीत होता. मी म्हणालो, “ओळ याची आहे, अप्रूव्ह मी न वाचता केलं. दोष मी शोधला, आणि काल याला सांगितला.” मॅनेजर म्हणाला, “नो वरीज मेट, दोष द्यायला बसलो नाही आपण.” आणि एक्स्टेंशन त्याच्याकडे दिलं.

शुक्रवारी मला ते त्याला समजावून द्यायचं होतं. तो खुर्ची घेऊन शेजारी बसला.

“मी कॉन्ट्रॅक्टवर आहे यार. जूनमधे संपतंय. तू पर्मनंट. तुझं काय बिघडणार होतं?”

“मागितलं असतंस तर मी स्वतःवर घेतलं असतं. माझ्याशी बोलायचं तरी.”

“मग आता घेतलंसच की.”

तो हसला. मी हसलो नाही. पहिली जागा उघडली आणि बोट ठेवून दाखवलं: इथे कॉल फसतो, इथे आकडा काढायचा, मधे काहीही येऊ द्यायचं नाही. मग दुसरी. सतराही दाखवल्या. त्याला नीट सांगितलं नाही तर तिकडचं धान्य सडेल, आणि त्या लोकांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. तो वहीत लिहून घेत होता. एकदा त्याने चांगली शंका विचारली, आणि मी तिचं पूर्ण उत्तर दिलं.