पाडव्याची टक्कर

मेंढ्याच्या कपाळावर तळहात टेकवून लाडानं रेटू नये, हे विसूमास्तरांना कुणी सांगितलंच नव्हतं. माणदेशात टकरीचा मेंढा तसाच तयार करतात; कपाळ रेटलं की धडक द्यायची.

सेहेचाळीसच्या दिवाळीचा पाडवा होता. झेंडूच्या माळा घातलेलं म्हातारं इंजिन धापा टाकत मिरजेकडं निघालं होतं. मास्तरांच्या समोरच्या बाकावरचा मेंढपाळ धुळा जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसला होता, तोही आपल्या मेंढ्याला मिरजेच्या टकरीत उतरवायला. हा मेंढा पोरकं कोकरू होता तेव्हापासून त्यानं त्याला शेळीच्या दुधावर वाढवलं होतं. टकरी सोडवता सोडवता धुळाची एक करंगळी गेली होती, आणि लग्न तेवढं राहून गेलं होतं.

मास्तरांचा हात लागला आणि मेंढा उसळला. पहिल्याच धडकेत मास्तर बाकाखाली गेले, नाकातून रक्ताची धार. दुसऱ्या धडकेत एका पैलवानाची बरगडी आणि त्याच्या मांडीवरचा करंज्यांचा डबा एकदमच वाजले.

"आरं, धरा त्येला!"

"तूच धर की, गड्या!"

धुळा शिंगांना लोंबकळत गाडीच्या डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फरफटला. शेवटी मेंढा दाराच्या लोखंडी दांडीवर आदळला आणि शिंग काडकन मोडलं. मोडक्या शिंगाचा मेंढा मैदानातून कायमचा बाद.

धुळानं फेटा सोडला. आधी मेंढ्याचं डोकं बांधलं, मग उरलेलं टोक मास्तरांच्या नाकाला लावलं.

"धुळा, आता रे टकरीला कोण उतरणार?" मास्तर रडवेले झाले.

"तुमी उतरा, मास्तर, खोडी तुमीच काढलीया."