बाळंतपणाला परदेशी

समोरच्या घरच्या बाई येत्या उन्हाळ्यात मुलाकडे परदेशी जाणार आहेत. परवा त्या मुद्दाम माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तुमी जाऊन आल्या ना ऑस्ट्रेलियाले, मंग सांगा काय काय न्याव, काय काय पाहाव." मी चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत काय सांगायचं ते मनात जुळवत होते आणि कप त्यांच्या हातात दिल्यावर एवढंच बोलले, "थंडी लय असते तिकडं. पायमोजे न्या." त्या बिचाऱ्या चहा पिऊन गेल्या. जठारपेठेत आता म्हणत असतील, ही विमानात बसून आली आणि शिष्ट झाली. तसं नाही. मला चारचौघांत बोलणं पहिल्यापासून जमत नाही. आणि या प्रवासातलं एक सांगायला घेतलं की त्याच्यामागून दुसरं निघतं. ते मला त्यांच्यासमोर काढायचं नव्हतं.

थंडीचं मात्र खरंच सांगितलं. मी मे महिन्यात गेले. अकोल्यात कूलरसमोरून हलवत नव्हतं आणि मी पिशवीत स्वेटर भरत होते. शेजारच्या पोरी हसल्या. तिकडे सगळं उलटं असतं, आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. हे आधी माहीत असलेलं बरं.

दुसरं सांगायचं होतं ते व्हीलचेअरचं. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून घ्यावी. आपले पाय धड आहेत म्हणून लाजू नये. मला लाज वाटली होती. पण मुंबईला आणि सिंगापूरला, जिथे विमान बदलावं लागलं, तिथे खुर्ची ढकलणाऱ्यांनी मला बरोबर दारापाशी नेऊन बसवलं. नाहीतर त्या काचेच्या रस्त्यांमध्ये मी आजही फिरत असते. उतरायच्या आधी एक कागद भरायला देतात. मला इंग्रजी येत नाही. शेजारी एक गुजराती बाई होती, तिने भरून दिला. तिने विचारलं, "पहली बार? बेटी के पास?" मी मान हलवली. "डिलिवरी के लिए?" मी पुन्हा मान हलवली. ती खूप खूश झाली आणि माझा हात दाबला. तिला मी काही सांगितलं नाही.

माझ्या लेकीचं बाळ आठव्या महिन्यात गेलं होतं. पोटातच. माझं तिकीट त्याच्या आधीच काढलेलं होतं.

आमची ती एकुलती एक. अमरावतीला होस्टेलवर राहून इंजिनियर झाली, लग्न होऊन मेलबर्नला गेली. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माझं मोर्शीला झालं, माझ्या आईच्या हातचं. लेकीला एवढ्या लांब येता येणार नव्हतं म्हणून मीच म्हटलं होतं, तू नको येऊ, माहेर तुझ्याकडे येईल. माझ्या जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवत होते, तेव्हा जावयाचा फोन आला. म्हणाला, "आई, बाबा घरी आहेत का?" तेवढ्यावरून मला कळलं.

दुसऱ्या दिवशी नणंद अमरावतीहून आली. बायका बसलेल्या होत्या. ती म्हणाली, "तिकीट वापस कर बाई आता. बाळच नाही तं बाळंतपण कोनाचं करशीन?"

मी तिला आजवर कधी उलट बोलले नव्हते. म्हणाले, "लेकीचं."

आमचे हे दारात उभे होते. म्हणाले, "जाऊ दे तिले." एवढंच.

मी दुपटी काढून पेटीत ठेवली आणि बाळंतिणीचं सगळं भरलं. डिंकाचे लाडू, हळीव, मेथी, बाळंतशोपा, ओवा, खारीक, घरचं तूप. माझ्या डोक्यात एकच होतं. बाळ असो नसो, शरीर तर बाळंतिणीचंच आहे. त्याला शेक पाहिजे, तेल पाहिजे, खाणं पाहिजे. सव्वा महिना तिला उठू द्यायचं नाही. आणि एकदा तरी माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती रडली म्हणजे झालं. तेवढ्यासाठी मी जात होते. फोनवर ती रडली नव्हती. "मी ठीक आहे आई," म्हणायची, जसं ऑफिसातल्या माणसाशी बोलावं तसं.

समोरच्या बाईंना हे सांगायला हवं होतं, की तिथे खाण्याचं काही नेऊ नका. विमानतळावर एका अधिकारी बाईने माझी पिशवी टेबलावर उघडली. रागावली नाही, हातात मोजे घालून एकेक पुडी हळूच बाहेर ठेवत गेली. तूप, लाडू, हळीव, मेथी. बी-बियाणं आणि दुधा-तुपाचं आत जाऊ देत नाहीत. तिने मोठ्या डब्यात सगळं टाकलं आणि मला काहीतरी "सॉरी" म्हणाली. मी तिथेच रडले. तिला वाटलं असेल, म्हातारी लाडवांसाठी रडते.

लेक बाहेर उभी होती. मोठं जाड जाकीट घातलेलं. पोट सपाट. मला मिठी मारून म्हणाली, "थंडी वाजते का आई?" आणि माझी पिशवी उचलायला वाकली. मी ओरडले, "अवं, ओझं नको उचलू!" तिने पिशवी जावयाच्या हातात दिली आणि पुढे चालायला लागली.

त्यांचं घर लहान आणि टापटीप. एका खोलीचं दार बंद होतं. मी विचारलं नाही. तिला ऑफिसने सुटी दिली होती, तरी ती लॅपटॉप उघडून बसायची. मी म्हटलं, आडवी हो, पायाला तेल लावून देते. म्हणायची, "नंतर." रोज नंतर. मग तिने मला फिरवायला सुरुवात केली. पाहुण्याला फिरवावं तसं. समुद्र दाखवला, एवढा मोठा की पलीकडे काहीच नाही. ट्राममध्ये बसवलं. एका बागेत कांगारू होते, त्यातल्या एकीच्या पोटाच्या पिशवीतून पिल्लाचे दोन कान बाहेर आले होते. लोक फोटो काढत होते. लेक म्हणाली, "चल आई, पुढं पक्षी आहेत." तिने माझा हात धरला नाही, बाही धरली आणि ओढत नेलं. ती मला ऑस्ट्रेलिया दाखवत होती. मी तिच्याकडेच पाहत होते.

मग एके दिवशी जावई मला भारतीय दुकानात घेऊन गेला. तिथे सगळं होतं. डिंक, हळीव, मेथी, खारीक, तूपसुद्धा. मी विमानतळावर उगाच रडले. त्या दिवसापासून मी कामाला लागले. सकाळी दुधात गूळ घालून हळिवाची खीर, दुपारी मेथीचा लाडू, जेवणात शेपूची भाजी, वरून बाळंतशोपा. एकदा ओव्याची धुरी द्यायला गेले तर छतावरचं यंत्र असं किंचाळायला लागलं की शेजारचा गोरा म्हातारा चपला न घालता बाहेर आला. जावई टॉवेल हलवत म्हणाला, "आई, पोलीस नाही आले एवढंच." लेक त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मला वाटलं, आता होईल सगळं नीट.

ती सगळं खायची. एक घाससुद्धा नको म्हणायची नाही. मला केवढं बरं वाटायचं. माझ्या आईने मला भरवलं तसं मी तिला भरवत होते, आणि वाटी रिकामी होत होती.

मग एका दुपारी मी खीर घेऊन गेले तर ती खिडकीपाशी उभी होती. तिच्या टी-शर्टवर समोर दोन ओले डाग होते. मी पाहिलं हे तिने पाहिलं.

"आटत आलं होतं आई," ती म्हणाली. "नर्सनं सांगितलं होतं, आपोआप जाईन. आता परत आलं."

मी वाटी घेऊन उभीच राहिले.

"हे सारं दूध यावं म्हणूनच असते ना? हळीव, मेथी, शेपू? मी मोबाईलवर पाह्यलं." तिचा आवाज वाढला. "कोणासाठी खाऊ घालून राहिली तू मले? कोण पिणार हाय? सांग ना!"

लग्नानंतर इतक्या वर्षांनी ती वऱ्हाडीत बोलत होती. बाळंतिणीचं खाणं म्हणून मी माझ्या आईचं पाहून करत गेले. त्यातली प्रत्येक वस्तू लेकराच्या तोंडासाठी असते हे मला माहीत होतं, आणि तरी माझ्या ध्यानात आलं नाही.

"मंग तू खात काहून होती?" मी कसंबसं विचारलं.

"तू इतक्या दुरून आली. तुले नाही कशी म्हणू?"

आणि ती खाली जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मी तिच्याजवळ गेले तर तिने माझा हात झटकला. मांडीवर डोकं ठेवलं नाही. मी तशीच तिच्यापासून हातभर अंतरावर बसून राहिले. खीर गार झाली.

संध्याकाळी जावयाने नर्सला फोन केला. तिने कोबीची पानं फ्रिजमध्ये गार करून छातीवर ठेवायला सांगितली. मी आमच्या बायकांना ओढणीने घट्ट बांधताना पाहिलं होतं, पण नर्स म्हणाली तसं नको. मग मी कोबीची पानं एकेक सोडवून, देठ लाटण्याने चेचून तिला देत गेले. या वेळी ती मला हात लावू देत होती. पानं गरम झाली की मी बदलायची. लेक डोळे मिटून म्हणाली, "आई, फोडणी दे आता. भाजी झाली तुह्या पोरीची."

आम्ही दोघी हसलो. हसता हसता ती म्हणाली, "तू तिचं नाव काहून नाही विचारलं?"

मला कळलंच नाही. कोणाचं?

"मुलगी होती. तिला नाव आहे. आम्ही दोघांनी तिला हातात घेतलं, दवाखान्यानं एक पूर्ण दिवस ठेवू दिलं. केस होते तिला, काळे. बाबांनी नाही विचारलं, माझ्या सासरच्यांनी नाही, आत्यानं नाही. तू तर इथं राहून राहिली. तूही नाही."

आमच्याकडे पोटातच गेलेल्या बाळाला नाव ठेवत नाहीत. त्याच्याबद्दल बोलत नाहीत, म्हणजे बाई लवकर विसरते. मी तेच चांगलं समजून गप्प होते. लेकीसाठी आले होते, नातीसाठी आलेच नव्हते.

"सांग," मी म्हटलं.

तिने नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. मी ते दोनदा म्हणून पाहिलं.

मग ती उठली आणि ती बंद खोली उघडून एक डबी घेऊन आली. त्यात कागदावर तळपायाचे ठसे होते, माझ्या अंगठ्याएवढे. मी माझा चष्मा आणायला सांगितला.

रविवारी ते दोघं मला तिला पुरलं होतं तिथे घेऊन गेले. मोठी हिरवी जागा आहे, एका कोपऱ्यात लेकरांचे लहान लहान दगड. काही दगडांवर खेळणी ठेवलेली, काही ठिकाणी काडीवर फिरणाऱ्या रंगीत भिंगऱ्या. वारा असा की सगळ्या भिंगऱ्या एकदम वाजत होत्या. लेकीने मेणबत्ती आणली होती, ती काही केल्या टिकेना. जावयाने जाकीट आडवं धरलं तरी विझली. मग मी म्हटलं, राहू द्या. आम्ही तिघांनी हात जोडून त्रिशरण पंचशील म्हटलं. माझा आवाज नेहमी कोणाला ऐकू येत नाही, विहारातही मी मागे बसते. तिथे दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी मोठ्याने म्हटलं. परत येताना गाडीत लेकीचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. झोपली होती की नुसती टेकली होती, ते माहीत नाही. मी घर येईपर्यंत हलले नाही.

लोक विचारतात, काय पाहण्यासारखं आहे तिकडे. मी समुद्र सांगते.

परत आल्यावर गेल्या महिन्यात अमरावतीला नणंदेच्या नातवाचा वाढदिवस होता. जेवायला बसलो तेव्हा शेजारी कोणी ओळखीची नसलेली बाई होती. तिने सहज विचारलं, "तुमाले नातवंडं किती?"

नणंद पुऱ्या वाढत होती. माझ्याऐवजी तीच बोलली, "नाही अजून. पोरगी बाहेरदेशी हाय, होईन आता एखाद्या वर्षात."

"एक नात हाय," मी म्हटलं.

"हो का!" बाई माझ्याकडे वळली. "काय नाव ठेवलं?"

मी नाव सांगितलं.

"छान हाय व नाव. केवढी झाली?"

मी ताटाकडे पाहत राहिले. नणंद माझ्यासमोर वाकलेली, हातात पुऱ्यांची परात.

"लहान हाय अजून," ती त्या बाईला म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी एक पुरी ठेवून पुढे गेली.