दोन्ही कौल डावे

रत्नागिरीच्या बंदरावर आबा मला पोचवायला आले होते, असं आमच्या घरात सांगतात. खरं म्हणजे त्या दिवशी तालुका बोर्डाची सभा होती आणि मुंबईची आगबोटही त्याच दिवशी होती. योग जुळून आला. सत्तावीस-अठ्ठावीस सालचा सुमार. बोट नेहमीप्रमाणे दूर खोल पाण्यात उभी, तिच्यापर्यंत पडावातून जायचं. मी ट्रंक मांडीशी धरून पडावात बसलो आणि मागे वळून पाहिलं, तर आबा पाठमोरे. बायकापोरांना उन्हात ताटकळत ठेवता, एक मांडव घालायला काय होतं, म्हणून ते पडावाच्या ठेकेदाराशी भांडत होते. मी हात हलवला. तो ठेकेदाराला दिसला आणि बिचाऱ्यानं उलट हात हलवला. मला निरोप मिळाला तो एवढाच.

मला हात नकोच होता. आबांच्या तोंडून 'जा' एवढा शब्द हवा होता. तो त्यांनी का दिला नाही, हे सांगायचं तर आधी आमच्या देवाबद्दल सांगायला हवं.

आमचं गाव पालीपासून तासाभराच्या वाटेवर. गावात कुठलंही काम काढायचं तर ग्रामदेवतेला कौल लावायचा. बाबू गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवी. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आबा बोर्डाचे सभासद, वर्तमानपत्र वाचणारे. पण कौलाशिवाय त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. फक्त त्यांची एक खोड होती. कौल डावा आला, की देवाचं उत्तर चुकलं असं ते कधी म्हणत नसत. आपला प्रश्न चुकला, म्हणत.

पटकीच्या साथीत बोर्डानं विहिरीत टाकायला औषध पाठवलं. त्यानं पाणी कोकमाच्या आगळासारखं लाल होई, म्हणून गाव बिथरलं. 'विहिरीत औषध टाकू का?' डावी कळी पडली. मंडळी उठायला लागली. आबा शांतपणे म्हणाले, "बसा. देवाला औषध म्हणजे काय ते कुठे ठाऊक आहे? बाबू, विचार, गावातली माणसं जगावीत असं तुझ्या मनात आहे का?"

बाबू कळी हातात धरून म्हणाला, "आबानू, तुमी देवाला इचारताव का देवाला समजावताव?"

"तू लाव रे."

उजवी पडली. विहिरी लाल झाल्या. ओढ्यावरचा फळ्यांचा साकव, शाळेचं छप्पर, पालीपर्यंतची वाट, सगळं असंच झालं. एकदा तर साकवासाठी तीनदा प्रश्न बदलला. तेव्हा देव कंटाळून हो म्हणाला, असं बाबूचं मत होतं.

मी मॅट्रिकला दोनदा बसलो. बसलो, एवढंच त्याबद्दल बोलण्यासारखं. मग मुंबईच्या मामानं एका कागदाच्या पेढीत माझ्यासाठी कारकुनी पाहिली. आबांनी कौल लावला, 'पोरानं मुंबईला जावं का?' डावी. मला काळजी वाटली नाही. आता आबा प्रश्न बदलतील, म्हणून मी वाटच पाहत होतो. आबा उठले आणि वहाणा घालू लागले.

घरी आईनं धरलं. "साकवासाठी तीन-तीनदा विचारता, मग पोरासाठी दुसऱ्यांदा विचारायला काय झालं?"

"साकव गावाचा आहे," आबा म्हणाले. "घरच्या कामासाठी पुन्हा विचारणं म्हणजे देवाकडे वशिला लावणं."

"मग गावच्या शाळेत मास्तर हवाय, तिथे तरी चिकटवा त्याला."

"बोर्डावर मी असताना? तो तर माणसाकडे वशिला."

आई हार मानणाऱ्यांतली नव्हती. दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन तिनं स्वतःच बाबूला गाठलं आणि विचारायला लावलं, 'मग पोरानं गावातच राहावं का?' तीही डावी. म्हणजे मी जावं असं देवाला वाटत नव्हतं आणि राहावं असंही वाटत नव्हतं. माझ्याबद्दल इतकं स्वच्छ मत त्यापूर्वी फक्त मॅट्रिकच्या परीक्षकांनी दिलं होतं.

"आता तुम्हीच काय ते सांगा," आई म्हणाली. आबा "पाहू" म्हणाले. पंधरा दिवस ते पाहत होते. मामाचं दुसरं पत्र आलं तेव्हा आईनंच ट्रंक भरली. निघालो, तो माझा मीच निघालो.

गिरगावात आम्ही पाच-सहा रत्नागिरीकर एका खोलीत राहायचो. गावी पाणी पन्हळीतून दिवसभर आपलं आपण पडत असे. इथे नळाला टाइम आणि टाइमाला रांग. ऑफिसात साहेब 'येस?' म्हणाला, की मी 'व्हय' म्हणायचो आणि मग जीभ चावायचो. मासळी तीच, पण खानावळीत तिला चव मुंबईची. आबांची कार्डं येत. त्यांत साकव, शाळा, पालीच्या वाटेवरची खडी. अगदी शेवटी 'तुझी प्रकृती' एवढंच. क्रियापदाला जागा उरत नसे. तुमच्यापैकी जे निघून आलेत त्यांना अशी कार्डं माहीत असतील, आणि जे गावी राहिलेत त्यांनी ती लिहिली असतील.

तीन वर्षांनी शिमग्याला गावी गेलो. देवळात गाऱ्हाणं सुरू झालं. गावाच्या वतीनं देवाला हाक घालायची, मागणं मागायचं आणि साऱ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. हे गाऱ्हाणं आमच्याकडे आबाच घालत. त्या दिवशी पुढे दुसरेच गृहस्थ उभे होते. आबा पार मागे, पायरीपाशी, इतरांसारखे 'व्हय म्हाराजा' म्हणत होते. मला वाटलं, घसा बसला असेल.

बाबूला विचारलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुला म्हाईत नाय? अरं, तू गेलास त्या सालात गुरांत रोग आला. लोक देवळात बोलाय लागले, आबांचा पोरगा कौल मोडून गेला, त्येचं हे फळ. आबा उठले. म्हनले, तो गेला नाय. मी धाडला. कौल मोडला तो मी. देवा, काय घ्यायचं ते माज्याकडनं घे, गावाच्या गुरांना हात लावू नको."

"मग?"

"मग काय? कौल मोडनाऱ्यानं गाऱ्हानं घालू नये, असं आपलं आपनच ठरवलानी. मी सांगितलं, आबानू, प्रश्न बदलून बघूया. तर माज्यावरच डाफरले."

गावाचं बोलणं देवापर्यंत न्यायचं, याहून मोठा मान आबांच्या लेखी नव्हता. बोर्डाचं सभासदत्व त्यापुढे किरकोळ. तो मान त्यांनी सोडला होता, आणि घरात आईलाही सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, बाकीच्यांनाही कधी संधी द्यावी म्हणून मागे उभे राहतात.

परतताना मी आबांच्या मागून चालत होतो. काही बोलावं असं फार मनात होतं. साकवावर आबा थांबले, फळीवर पाय आपटून पाहिला आणि म्हणाले, "तिकडे मुंबईत लोखंडाची भाव-किंमत काय आहे? चौकशी करून कळव." मी बरं म्हणालो. आम्हा दोघांना तेवढंच जमण्यासारखं होतं.

आबा गेले ते पुढे काही वर्षांनी, आषाढात. पावसाळ्यात आगबोटी बंद. रेल्वेनं कोल्हापूर, तिथून मोटारीनं घाट उतरून पाली, असा मी पोचलो तेव्हा दहावा दिवस होता. पालीहून चालत निघालो. वाटेवर खडी चांगली दाबून बसली होती, चिखल कुठेच नव्हता. मी कोरड्या पायांनी घरी गेलो.

आता माझीच मुलं कॉलेजात जातात. 'गावाला जायचं' म्हटलं की 'किती दिवस?' असं आधी विचारतात. परवा शेजारच्या बिऱ्हाडात नवे गृहस्थ आले, नागपूरकडचे. बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तुम्ही मुंबईला कधी आलात?"

"आलो नाही," मी म्हणालो. "मला धाडलंय."

गृहस्थ सरळ मनाचे. "असं? किती दिवसांसाठी?"

आबांना हे विचारायचं राहूनच गेलं.