कोळ्याचा पाय

दिल्लीत आर. के. पुरमच्या बस स्टॉपवर एक मुलगी रोज दिसायची. बस समोर आली तरी कोळी पकडायला हातात रिकामी काडेपेटी धरून छपरातलं कोळ्याचं जाळं बघत उभी. एकदा मी विचारलंच.

"रिसर्च है, आंटी. इसका धागा सबको चिपकता है, लैब की मशीन को भी. बस इसके अपने पैर को नहीं. पैर पर महीन लकीरें हैं, वैसी ही सतह बनानी है."

चिकटू नये म्हणून एवढा खटाटोप? मला काही कळेना.

पुढे हे रिटायर झाले, सरकारी क्वार्टर सोडलं. सगळा संसार तिथेच झालेला. वाटलं होतं, पाय निघणार नाही. पण कुलूप लावलं आणि मी सरळ चालू लागले. रडूसुद्धा आलं नाही.

फरीदाबादच्या नव्या फ्लॅटमध्ये चप्पल काढली आणि तळपाय उलटा करून बघत बसले.

"काटा लागला का?" ह्यांनी विचारलं.

मी तळव्यावरच्या बारीक रेघांवरून बोट फिरवत राहिले.